राईस मिलच्या चाळीतली मंडई

रेणू : ...आणि टेम्पोभर लोक गेटवर उभे आहेत, काका. कुणाकडे आलात विचारलं, तर म्हणतात बकारामच्या घरी, मंडईच्या जत्रेला, जेवायला. कोणतं घर? कोणती मंडई?

बकाराम : आले का? मंग बसव ना बाई त्याहिले. पाय धुवाले पानी देलं का नाई?

रेणू : पाणी नंतर. आधी मला सांगा, हे लोक आले कसे? आपल्याकडे पाहुणे फक्त रविवारी, तेही ऑफिसात, खुर्चीवर बसून. तुम्ही इथे राहायला आलात त्या दिवशीच मी नियम वाचून दाखवले होते.

बकाराम : हव, वाचले होते. मले पटले नाई, म्हनून मी काही बोललो नाई.

लीलाबाई : रेणू, तेलाचा दुसरा डबा कुठं ठेवला व?

रेणू : लीलामावशी, तुमच्या हाताला पीठ कशाचं लागलंय? आणि हा तळणाचा वास कुठून येऊन राहिला?

लीलाबाई : टाकीच्या मागून.

रेणू : टाकीच्या मागे काय आहे?

लीलाबाई : चूल.

रेणू : मावशी, किती वेळा सांगितलं, खोलीत चूल नाही, शेगडी नाही.

लीलाबाई : खोलीत नाईच मांडली. म्हनून तं टाकीच्या मागं गेलो आमी. लाखोरीच्या डाळीचे वडे हायेत. मीठ कमी टाकलं, इथे सबन बीपीवाले.

रेणू : म्हणजे तुम्हीही यात आहात.

लीलाबाई : सुशिलाबाई डाळ वाटून राहिली, टेकचंद पत्रावळी लावून राहिला, यादोराव नहाऊन-धुऊन बसला. तूच एकटी यात नाई.

रेणू : काका, तुमच्याकडे फोन नाही. मग इतक्या लोकांना निरोप गेला कसा?

बकाराम : तूच तं म्हनली, काका, रोज सकाळी चाला, गुडघे मोकळे होतेत. मंग मी चालत चालत एसटी स्टँडवर जात होतो. आपल्याकडच्या गाडीत कोनी ओळखीचा दिसला का सांगत होतो, बापा, दिवाळी झाली का बुधवारी आमच्या घरी मंडई हाय, येजो. देवरीच्या गाडीत लीलाबाईचा निरोप देला. यादोरावच्या गावचा एक मास्तर भेटला, त्याले बी सांगितलं. गुडघे बी मोकळे झाले, खोटं कायले बोलू?

रेणू : आणि मी सगळ्यांना सांगत होते, बकारामकाकांकडून शिका, एक दिवस चालणं चुकवत नाहीत. अहो, पण मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, ती गावाची असते. चाळीची मंडई आजपर्यंत कुणी ऐकली नाही.

बकाराम : ह्या राईस मिलीत धान येत होता तवा हमाल राहत ह्या चाळीत. मिल बंद झाली, मालकानं, भैयाजीनं, खोल्या नीट केल्या, आता आपन म्हातारे राहतो. कोनी इटियाडोहाकडचा, कोनी देवरीचा, कोनी इथलाच आमगावचा. एकमेकाच्या दुखन्याले धावतो, एकमेकासंगं भांडतो. मंग हे गाव नाई तं काय हाय?

लीलाबाई : आमच्याकडे मंडईले बाजूच्या गावचे देव बी पाहुने येतेत. त्याहिले बी तू ऑफिसात खुर्चीवर बसवशील काय?

रेणू : मला हसवू नका मावशी. भैयाजींना उत्तर मला द्यायचं आहे. मागच्या होळीला यादोरावकाकांच्या गावचे लोक मोहाची पिऊन आले, एक तर टाकीवर चढून गात बसला. तेव्हापासून हा नियम. आणि काका, सीधी गोष्ट सांगू? मला पाहुण्यांचं टेन्शन नाही. त्या टेम्पोत तुमचा पुतण्या नीलेश आहे. तो म्हणतो, मी काकाची कपड्यांची पेटी न्यायला आलो.

बकाराम : बोलला काय? पोट्ट्याच्या पोटात काही राहत नाई.

रेणू : खरं आहे का ते?

बकाराम : मीच म्हनलं त्याले. मंडई झाली तं पेटी राहू दे. पाहुने गेटावरून परत गेले, तं पेटी टेम्पोत टाक, मी बी त्यातच बसतो. ज्या घरी मंडईले पाहुना येत नाई, त्या घराले घर कसं म्हनावं?

रेणू : आणि गावच्या घरी कोण आहे तुमचं? नीलेश राहतो गोंदियाला. गावच्या घरी एकटे मोरीत पाय घसरून पडलात, ते सकाळी दूधवाला आला तेव्हा लोकांना कळलं. इथे मी मोरीत कठडे लावून घेतले, दर सोमवारी बीपी बघते, हाक मारली तर माणूस येतो. यात काय कमी पडलं ते तरी सांगा.

बकाराम : कमी काही नाई पडलं.

रेणू : मग जेवत का नाही? आलात त्यापेक्षा अर्धे दिसून राहिले तुम्ही. डॉक्टर म्हणतात, रोग नाही. मी भाजी बदलून पाहिली, भात मऊ करायला लावला, स्वयंपाकाच्या बाईंशी भांडून झालं. तुम्ही एकदा वाढलेलं खाता आणि हात धुता. घरी गेल्यावर मला घास गोड लागत नाही, काका. तुम्ही त्या टेम्पोत बसून गेलात तर मी काय समजायचं?

बकाराम : आता विचारलंच तं सांगतो. तुझा भात चांगला हाय, भाजी बी चांगली हाय. पन पाहुना मानूस किती खाईन? कोनाच्या घरी गेलो का आपन काय करतो? वाढलं तेवढं खातो, बस बस म्हनतो, हात धुतो. दुसऱ्यांदा मागाले लाज वाटते. इथे सकाळ-संध्याकाळ कोनी तरी मले वाढते. मी कोनालेच वाढत नाई. माझ्या घरी मंडईच्या दिवशी उंबऱ्यात चपला ठेवाले जागा नसे, बाई. माझी बायको म्हने, आता आलेल्याइले झोपवू कुठं? आन आता मीच पाहुना होऊन बसलो. तो बी न जानारा.

लीलाबाई : न जानारा पाहुना सबनाले भारी.

रेणू : हे मला आधी का नाही सांगितलं?

बकाराम : पाहुन्यानं घरच्या मानसाले नाव ठेवावं काय?

लीलाबाई : तुमचं होऊ द्या सावकाश. तिकडे यादोरावचा पोरगा बी आला, हेमेंद्र. बायको-लेकरं घेऊन.

रेणू : यादोरावकाकांचा मुलगा? त्याला मी फोन करून करून थकले. वडील आठवण काढतात, एकदा भेटून जा म्हटलं, तर दर वेळी त्याला काहीतरी काम निघतं.

बकाराम : भेटाले ये म्हनलं तं नाई येनार तो. बापाले चाळीत ठेवलं म्हनून त्याले लाज वाटते. गेटावर पाय अडते त्याचा. मंडईले बोलावलं तं लाज कायची? नवा सदरा घालून येते मानूस, हातात मिठाईचा डबा घेऊन.

रेणू : खरंच डबा आहे का हो मावशी त्याच्या हातात?

लीलाबाई : हाय ना. गेटाबाहेर धरून उभा हाय मघापासून. उन्हात.

रेणू : मावशी, तेल स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. चुलीजवळ पाण्याची बादली भरून ठेवा, आणि टेकचंदकाकांना तिथून हलू देऊ नका. काका, ही घ्या किल्ली. तुमचे पाहुणे आहेत, गेट तुम्हीच उघडा.

बकाराम : आन मालक रागावला तं?

रेणू : माझ्यावर रागावतील. मी लावते त्यांना फोन. तुम्ही जा, लोक ताटकळले आहेत.

(दुपार कलली आहे. अंगणातल्या पंगती उठल्या आहेत.)

लीलाबाई : तुझा भैयाजी तं मस्त जेवला व. मले वाटलं, येईन, डोळे वटारीन आन जाईन. तो तं मांडी घालून बसला सुशिलाबाईच्या नातवाजवळ.

रेणू : फोनवर चांगलं तासलं होतं मला. वृद्धांसाठी घरं काढली की ढाबा, म्हणाले. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, बकारामकाकांनी तुम्हालाही जेवायला बोलावलंय. रागच उतरला त्यांचा. मग हळूच विचारलं, मेरे को भी?

बकाराम : मी कुठं बोलावलं होतं त्याले? मालकाले कोन पाहुना म्हनते?

रेणू : नव्हतं बोलावलं. मी खोटं बोलले.

बकाराम : बरं केलं. माझ्या हातानं वाढलं मी त्याले. बस बस म्हनून राहिला तं मी वरून अजून दोन वडे टाकले. जाताना मले म्हनला, दरसाल करा, पन चूल टाकीजवळ नको, मी अंगनात पक्की बांधून देतो. रविवारचा नियम बी काढून टाका म्हनला.

लीलाबाई : पाहुना म्हनून आला तं मालक बी नीट राहते.

रेणू : यादोरावकाका कुठे आहेत?

लीलाबाई : नातीले घेऊन गेले मिल दाखवाले. पोरगा मागं मागं चालून राहिला. बोलत नाईत दोघं, पन चालून राहिलेत संगं.

रेणू : आणि नीलेश? काका, तो पेटीचं विचारत होता ना?

बकाराम : त्याले म्हनलं, टेम्पोत मानसं ने. पेटी कायले नेतं? मानसं दाटीवाटीनं बसून गेली, मंग पेटीले जागाच कुठं होती?

रेणू : म्हणजे राहणार तुम्ही.

बकाराम : हव.

रेणू : देवा रे. सकाळपासून जीव टांगणीला लागला होता माझा. आता चला, सगळे जेवले, तुम्हीच उपाशी आहात. गोळी घ्यायची आहे. बसा तिथे, मी ताट वाढून आणते.

बकाराम : तू कायले वाढून राहिली? तू बी तं सकाळपासून उभी हायेस.

रेणू : माझं काय, मी घरी जाऊन जेवीन.

बकाराम : बस इथं. लीलाबाई, तुमी बी या, भाताचं गंज इकडेच घेऊन या. पाहुने जेवून गेले. आता आपन घरचे जेवू.