ज्याची लिंक, तोच वर

हॅलो?… हो आरतीताई, मीच, वर्षाली. जरा हळू हं, तुमचा भाचा मांडीवर झोपून राहिला… पाह्यलं का बारशाच्या आमंत्रणाचं पान?… हो, मीच बनवलं. हा झोपला की कोडच्या दोन ओळी, उठला की बंद…

काहून नाही येत?… अवो, भातकुलीहून जठारपेठ काय लांब आहे?… असं नका करू ताई! आत्याच नाही आली तर नाव कोण ठेवन याचं?

हो… वर खुशालकाका आहेत. फेटा बांधून. अख्खा स्क्रीन खाल्ला त्यायनं, खरं आहे… त्यायले कसं खाली सरकवू? जेवण त्यायच्याकडून आहे न…

मंग रागिणीताई, मंग तुमी… माहीत आहे, त्या लहान, तुमी मोठ्या. पण त्यायचा फोटो अंजनगावहून आधी आला, म्हणून आधी लावला… हो, हो… चुकलं माझं. अवो ऐका ना!

तुमाले वेगळी लिंक देते. तेच पान, पण उघडलं की थेट तुमच्याच फोटोपाशी थांबते… जादू कायची? तुमच्या चौकटीले कोडमधे आयडी दिला आहे, 'आत्या'. लिंकच्या शेवटी हॅशचं चिन्ह टाकायचं अन् पुढं तेच नाव. झालं… थांबा, एका हातानं टाइप करून राहिली… पाठवली. दाबा.

काय दिसलं?… रागिणीताई?

नाही हो, मुद्दाम काहून करू!… थांबा, पाहते… अगं बाई. दोघीयलेही 'आत्या'च लिहिलं मी. एकच आयडी दोन जागी असला की लिंक पह्यल्यापाशीच थांबते… रागावू नका न. हे घ्या, तुमचं 'मोठी-आत्या' केलं. नवी लिंक पाठवली, आता ही दाबा…

आल्या? सगळ्यात वर?… हो, साडी छानच दिसते. पैठणी आहे न?… काका? काका राहिले वर, दिसत नाहीत… त्यायच्या फोनवर तेच वर दिसतात. ज्याची लिंक, तोच वर… रागिणीताईले? हो, दिली. त्या कालच भांडून झाल्या.

अवो, वर नका सरकवू!… खाली या. खाली… अजून… पाळणा दिसला? त्याच्या खाली नावाची जागा कोरी आहे बघा. तुमी याच्या कानात सांगसान, तवाच भरीन…

ताई?… हॅलो?… रडता काय असं… मंग येता न?

पाळण्याची लिंक?… देते न. ताई, सर्वायनं आपापली मागितली. याची मागणाऱ्या तुमीच पह्यल्या…

काय?… तिथंही फोटो?… तुमचा?… पाळण्याच्या बाजूले?

वर?

बाळाच्याही वर, ताई?…

हो, हो… लावते. तुमी फक्त या… उठला वाटते हा. ठेवते.