हयदीच्या गाण्याले कुलूप

…अन् वरून मलेच म्हनते, 'आपलं कोन काय नेते?' आता तुमीच सांगा, अशा मानसाले काय म्हनाव? अकोल्यात भर बाजारात इस्टुडिओ, शटरले हे मोठालं कुलूप, आतल्या दाराले दुसरं, वर कॅमेरा, कॅमेऱ्याखाली हनुमानजीचा फोटो, अन् आत कॉम्प्युटरचा पासवर्ड काय तं एक-दोन-तीन-चार. म्हनलं नितेशभाऊ, लोखंडाले कुलूप लावता, अन् ज्या डब्यात लोकायचे लगनं भरून ठेवेल हायेत त्याले काहून नाही लावत? दात कोरून राह्यला होता, कोरता कोरताच हसला अन् म्हने, 'फोटोच तं हायेत. आपलं कोन काय नेते.'

तुमाले सांगतो, मले कारल्याच्या भाजीनं येत नाही तेवढी मयमय थ्या एका वाक्यानं येते.

माहं बाजूलेच घड्याळाचं दुकान. मधात पत्र्याची भिंत, तिकडं कोनी शिंकलं तं इकडं मी 'जय हरी' म्हनतो, म्हनून मले सगयं ठावूक. तिकडं दोघं नवरा-बायको. नितेशभाऊ लगनाचे फोटो काढते, व्हिडिओ काढते. अन् साधनावहिनी थे सगयं कॉम्प्युटरवर बसून नीट करते. अल्बम जोडनं, व्हिडिओ कापनं, नवरदेवाच्या तोंडावरचा घाम पुसनं… हो, कॉम्प्युटरवर घामही पुसता येते, मले तिनंच दाखवलं. कष्टाळू बाई. अन् जे समोर लिहेल असते थे वाचते. एवढंच तिचं शिक्षन म्हना का दोष म्हना, समोरचं वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

तं झालं काय, नितेशभाऊले कोनीतरी दोस्तानं पेनड्राइव्ह देल्ला. त्यात व्हिडिओ सजवाचं सॉफ्टवेअर. विकत घ्याले गेलं तं महाग, अन् हे फुकट. कंपनीचं कुलूप तोडेल, चोरीचं. त्यात म्हने नवरी गुलाबातून निंगते, नवरदेव ढगातून येते, मधातून कबुतरं जाते. आता मले सांगा, कोन्या मानसाच्या लगनात कबुतरं गेले हो? पन गिऱ्हाइकाले पायजे. वहिनीनं थे लावाले घेतलं अन् त्यावर जे लिहेल होतं थे मोठ्यानं वाचलं, मी भिंतीतून ऐकलं.

"अवो, यात लिहेल हाय, पयले अँटीव्हायरस बंद करा."

"मंग कर बंद."

"चोर म्हनते का पयले कुत्रं बांधून ठेवा मंग मी घरात येतो, तं आपन बांधाव का?"

"तू लय वाचतं. सरक. आपलं कोन काय नेते."

अन् त्यानं स्वतः बसून कुत्रं बांधलं. म्हनजे बंद केलं.

बरं, थ्या आधी शाकीबनं त्याले समजावून ठेवेल होतं. शाकीब म्हनजे आमच्या लाइनीतला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, शांत पोरगा, बोलते कमी. त्यानं सगये फोटो दुसऱ्यांदा ठेवाले एक वेगळी हार्ड डिस्क आनून देल्ली, अन् बजावून सांगतलं, "भाऊ, कॉपी झाली का इले काढा, अन् घरी नेऊन ठेवा. लावूनच ठेवली तं कॉम्प्युटरच्या संगं हेही जाईन." हो म्हनला. लेकाचा हो म्हनते न चुकता. अन् थे डिस्क आली तशी लावली, थ्या दिवसापासून कधी काढलीच नाही. काहून? तं म्हने रोज काढ-घाल कोन करते. दाढी रोज करते, चार वेळा चहा पिते, कबुतरावाल्या व्हिडिओत तासन् तास घालवते, अन् एक वायर काढाले मानूस दमून राह्यला.

आता इथंपर्यंत तुमी म्हनसान, असतेच अशा लोकायची सवय, त्यात एवढं काय चिडाचं? ऐका पुढे.

पातूरच्या संघपालच्या बहिनीचं, वर्षालीचं, लगन होतं, धारनीले देल्ली. संघपालची पिठाची गिरनी हाय तिथं. बाप नाही, मायनंच दोघायले मोठं केलं. ललिताबाई तिचं नाव. तं हयदीच्या दिवशी या ललिताबाईनं गानं म्हनलं. सिनेमातलं नाही, कोनाचं शिकेल नाही, बसल्या जागी स्वतः जोडेल. नितेशभाऊचा कॅमेरा नेमका तिच्यावर होता. वहिनी मले म्हनाली होती, "भाऊ, हजार लगनं कापले मी, पन हे कापताना हात थांबला."

हयद लागली वो बाई माह्या लेकीच्या गालाले
उद्या धारनीले जाईन, कोन पुसन मले…

बस, असंच साधं. अन् लगन होऊन महिना झाला नसन, ललिताबाई गेली. गिरनीत उभ्या उभ्या चक्कर आली अन् गेली. संघपालचा फोन आला, म्हने, "ताई, अल्बम सावकाश द्या, पन मायचं गानं तेवढं आधी काढून ठेवा. वर्षाली धारनीले लय रडून राह्यली." वहिनीनं गानं वेगळं कापून ठेवलं, लहान तुकडा केला, नाव देल्लं 'ललिताबाई'. म्हने सकाई आवाज थोडा साफ करतो अन् धाडतो.

सकाई कॉम्प्युटर लावला तं सगया फाईली पांढऱ्या.

फोटोवर दाबलं, उघडत नाही. व्हिडिओवर दाबलं, उघडत नाही. हरेक नावापुढं कायबाय इंग्रजी शेपूट लागेल. अन् मधात एक चिठ्ठी, का तुमच्या सगया फाईली आमी कुलपात टाकल्या, चाबी पायजे तं पैसे धाडा. कबुतरायच्या संगं चोर आत शिरला होता. थे लावून ठेवेल डिस्क? तिच्यातही तसंच. कॅमेऱ्यातलं कार्ड? त्याच्यावर दुसऱ्याचं लगन चढून गेल्तं. शाकीब आला, पाह्यलं, खुर्चीवर बसला अन् एवढंच म्हनला, "भाऊ, वायर काढाची होती ना."

अन् हा काय म्हनला असन? मी भिंतीले कान लावून होतो, म्हनलं आता तरी रडन, आता तरी कपायावर हात मारन. तं हा म्हने, "पन शाकीब, आपलंच काहून? आपलं कोन काय…" अन् थांबला. तिथं पयल्यांदा थांबला.

शाकीब म्हने पैसे धाडू नका, धाडले तरी चाबी देतीन याचा भरोसा नाही, पोलिसात सायबरची तक्रार करा. केली. त्यायनं नीट ऐकून घेतलं, लिहून घेतलं, पन असं कुलूप लगेच खोलता येत नाही म्हनून साफ सांगतलं. झालं. एवढ्यावर चूप बसाव का नाही? नाही बसला. वहिनी चहा ठेवाले गेली तं यानं थ्या चोरायलेच चिठ्ठी लिहली. मोबाईलवर मराठीत बोलून इंग्रजी केलं. का तं, 'सर, लहान मानूस हाओ, काही कमी करा.' अरे, थो काय भाजी बजारात बसेल हाय का? अन् तुमाले सांगतो, त्यायचं उत्तरही आलं. लय गोड. 'प्रिय ग्राहक, आमाले संपर्क केल्याबद्दल आभारी आहोत.' नितेशभाऊनं मले बलावून दाखवलं. म्हने, "पाहा हो, कसे इज्जतीनं बोलून राह्यले. आपला केबलवाला तरी बोलते का असा?" म्हनलं, तुह्या घरात शिरून तुलेच ग्राहक म्हनते, अन् तुले त्याचं कौतुक वाटून राह्यलं? मले थुंकाले झालं हो, पन दुकान त्याचं.

अन् थ्या चोरायनं लिहेल होतं, आमच्यापाशी खरी चाबी हाय हे तुमाले पटाव म्हनून एक लहान फाईल आमी फुकट खोलून देतो. एकच. कोनतीही धाडा.

एकच फाईल. कोनतीही. तुमच्या ध्यानात आलं ना? माह्या आलं. रस्त्यावरच्या म्हशीच्याही आलं असतं.

पन मी तोंड उघडाच्या आत, वहिनी चहा घेऊन आली तवर, याची फाईल धाडूनही झाली होती अन् खोलून वापसही आली होती. हा खुश. "पाह्य, पाह्य साधना, खोलते थे, खरंच खोलते." तिनं कप ठेवला, वाकून पाह्यलं. स्क्रीनवर जिलबीची कढई. पातूरच्याच लगनातली. तेल, तेलात जिलब्या, बाजूले हलवायाचा अर्धा हात. एकदम साफ फोटो, तेलातले बुडबुडे मोजून घ्या.

वहिनी मंग एकदम हयू आवाजात म्हनाली, "ललिताबाईचा तुकडा काहून नाही धाडला?"

"अवं, नमुनाच तं होता. पयली दिसली थे धाडली."

"लहानच होता थो तुकडा. नाव टाकून ठेवेल होतं मी त्याच्यावर."

तवा त्याच्या डोस्क्यात उजेड पडला. तोंड असं उतरलं का मलेही पाहावलं नाही. पुन्यांदा लिहलं चोरायले, हात जोडले, मानूस मेलेला हाय म्हनलं, तिच्या लेकीसाठी पायजे म्हनलं. तं उत्तर आलं, 'प्रिय ग्राहक, नियमाप्रमाने एकच.' चोराले नियम हाय हो. चोराले नियम हाय, आमाले नाही.

वहिनीनं पदर खोचला, पिशवी घेतली अन् पातूरची एसटी धरली. हा म्हने फोनवर सांगू, नाही तं सांगू कार्ड खराब झालं, आठ दिवस टाळू. तिनं वयूनही पाह्यलं नाही. पुढचं तिनंच मले नंतर सांगतलं. गिरनी चालू होती, बाया डबे घेऊन उभ्या होत्या, अन् त्या आवाजात तिले वरडून सांगाव लागलं का गानं गेलं. संघपालले ऐकू आलं नाही. म्हने काय? तिनं पुन्यांदा सांगतलं. त्यानं गिरनी बंद केली. म्हने, "फोटो जाऊ द्या ताई. मायचं गानं तं हाय ना?" आता तिसऱ्यांदा, शांत गिरनीत, दहा बायायसमोर सांगाव लागलं. "नाही भाऊ. आमच्या चुकीनं गेलं."

त्यानं गिरनी चालू केली, हातातला डबा पुरा दयला, पीठ दाबून भरलं, झाकन लावलं. मंग म्हने, "वर्षालीले सांगाची हिंमत माह्यात नाही. तुमी सांगा."

वहिनीनं तिथंच उभं राहून धारनीले फोन लावला. वर्षाली पयले रडली. मंग म्हने, "ताई, हयदीले सगया बायायनं मोबाईल काढले होते. कोनाच्यातरी असन."

अन् मंग सुरू झालं. दोन दिवस वहिनी पातूरच्या घराघरात फिरली. आता इथं मले सांगताही शिसारी येते. एकीनं गानं काढेल होतं, पन मोबाईल भरला म्हनून मिटवलं. काय ठेवलं? गुड मॉर्निंगचे गुलाबं ठेवले. गुलाबावर दव, दवावर 'शुभ सकाळ', असे पाचशे. दुसरीपाशी होतं, पोरानं गेम टाकाले मिटवलं. तिसरीनं आपलं तोंड काढेल होतं, मागे ललिताबाईचा नुसता कान. मानसाले काय ठेवाव अन् काय फेकाव याची अक्कल नाही, अन् बोट दाबाले सगये पुढे.

शेवटी भेटलं थे गोदाबाईपाशी. शेजारीन, म्हातारी. तिले मोबाईलातलं काही मिटवताच येत नाही, म्हनून तिच्या मोबाईलात दुनियाभराचं सगयं तसंच पडेल. वहिनीनं वर सरकवत सरकवत काढलं. मोबाईल आडवा धरेल, अर्ध्यावर अंगठा, ललिताबाईचं तोंड दिसत नाही. फक्त हयदीनं पिवया झालेला हात दिसते, वाटीत बुडते अन् वर येते. मधातच कोनीतरी वरडते, 'मीठ कुठी ठेवलं वो?' पन आवाज पुरा हाय. पयल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. संघपालनं कानाले लावून ऐकलं. मीठवाला आवाज आला तवा हसला, म्हने हे आमची मामी. अन् तसाच ओट्यावर बसला.

वर्षालीले धाडलं. तिनं लगेच वहिनीले फोन केला, अन् फोनवरच दोघीनं थे गानं पुन्यांदा ऐकलं.

तवापासून इस्टुडिओत वहिनीचं राज्य. फुकटचं सॉफ्टवेअर गेलं, कबुतरं गेले. कॉम्प्युटर पुसून नव्यानं भरला, अँटीव्हायरस चालू, पासवर्ड लंबा अन् दोघायचा वेगयेगया. डिस्क कॉपी झाली का निंगते अन् घरच्या अलमारीत जाते, दुसरी हिवरखेडले तिच्या मायपाशी. अन् कोनाचाही पेनड्राइव्ह आला तं पयले शाकीबकडं. नितेशभाऊ निमूट करते. सुधारला बिचारा, खोटं काहून बोलू.

तं मांगच्या आठवड्यात आमच्या दुकानदारायची सभा झाली, याच विषयावर. नितेशभाऊनं उभं राहून सगयं सांगतलं, लपवलं नाही. जिलबीही सांगतली. सगये माना हालवून राह्यले, टायाही झाल्या, एकानं डोये पुसले. मले वाटलं, चला, बाजाराले अक्कल आली. खाली उतरत नाही तं तिघं जन आले त्याच्यापाशी, कापडवाला, चप्पलवाला अन् मंगल कार्यालयवाला. आवाज खाली करून म्हनतात, "भाऊ, थे सॉफ्टवेअर… थो पेनड्राइव्ह अजून हाय का तुमच्यापाशी? फुकट होतं म्हनता ना?"

म्हनलं, अरे आत्ता दहा मिनिटाआधी काय ऐकलं तुमी?

तं कापडवाला म्हने, "ऐकलं ना. पन त्यायचं कामच फोटोचं. आपलं कोन काय नेते?"

साधनावहिनीनं माह्याकडं पाह्यलं, मी तिच्याकडं. शाकीब मागेच उभा होता. त्यानं खिशातून आपल्या दुकानाचे कार्डं काढले, अन् तिघायलेही एक-एक देल्लं.