अर्धं कापड

नाही नाही, मी त्या पलंगावर झोपणार नाही — मी पेशंट म्हणून आलोच नाहीये, मॅडम. बोलायला आलोय, कापड तपासणीचा हेड म्हणून. मालकांनी तुम्हाला आठवड्यातून एकदा इथे बसवलं, कामगारांच्या माना-पाठी बघायला, चांगलंच केलं — त्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्ही आमच्या घारीला जे सांगून ठेवलंय त्याचं काय करू ते सांगा. घार म्हणजे ती हो, डोकेदुखीवाली. नजरच तशी आहे — धावत्या कापडात सुटलेला एक धागा तिला लांबून दिसतो, म्हणून घार. तिला तुम्ही सांगितलंत, थोड्या थोड्या वेळाने मशीन थांबव, हनुवटी मागे घे, खांदे सैल सोड. आता तिचं बघून अख्खी खोली हनुवट्या मागे घेतेय. कोंबड्या दिसतात सगळ्या. हसा, हसायला तुमचं काय जातंय — मालक मध्येच आत आले तर उत्तर मला द्यायचंय.

बसतो, बसायला हरकत नाही. ती ट्यूब जरा बंद करता का? काही नाही, उगाच भगभगतेय.

तर तुमचं म्हणणं काय — तपासणीचं टेबल उंच करा, काचेखालचा दिवा मंद करा, तिला मधेमधे थांबू द्या, मानेचे व्यायाम चालू ठेवले की डोकेदुखीचे झटके कमी होतील. बंद होतील असं तुम्हीही म्हणत नाही, कमी होतील. मान्य. पण परवा काय झालं ते तिने सांगितलं का तुम्हाला? मोठा ग्राहक समोर खुर्चीत बसलेला, मालक शेजारी, कापड चाललंय — आणि बाईसाहेबांनी मशीन थांबवलं. सरळ हात वर केला आणि म्हणाली, मला अर्धं कापड दिसत नाहीये. ग्राहकासमोर. अहो, कोण बोलतं असं? मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आज सकाळी मला आत बोलावलं, म्हणाले, हिला पॅकिंगला टाकायची का ठेवायची ते तू सांग, आज दुपारी फोन करतो. पॅकिंग म्हणजे पगार एकदम खाली, आणि तिच्या घरी कमावणारी ती एकटी — आई अंथरुणावर, भाऊ अजून शिकतोय. आणि मी निघालो तर मागून विचारतात, अजून कोणाला आहे का रे असलं काही? मी म्हटलं, नाही साहेब. विचार न करता म्हटलं.

मीच शिकवलंय तिला. आली तेव्हा कापडाची उलट बाजू कुठली, सुलट कुठली कळत नव्हतं. दादा म्हणते मला, डबा आधी माझ्यापुढे करते. म्हणून तर चीड येते — एवढं शिकवलं आणि हे नाही शिकली? अर्धं दिसत नाही तर नाही दिसत. उजवीकडून सुरू होतं, आधी एक चकाकणारा नागमोडी काठ येतो, मग काठाच्या आतलं सगळं गायब, आणि मग डोळ्यामागे कोणी खिळा ठोकायला बसतं — तर ते बोलायचं नसतं. मान डावीकडे करायची आणि उरलेल्या नजरेने कापड बघायचं. सवय होते. कोणाला कळतसुद्धा नाही. — मी आपलं सर्वसाधारण बोलतोय.

डोळे? दिवसभर काचेकडे बघून दमतात, म्हणून मिटले. दार लोटून घ्या ना. बरं, तुमचा आग्रहच आहे तर पडतो जरा. पालथा? हां. तिथेच — कवटीच्या बुडाशी. न सांगता कसं सापडलं हो तुम्हाला? हळू. नाही, दाबा. दाबा.

बायकोला ठाऊक आहे, फक्त तिलाच. पडदे ओढून पडलेलो असतो, ती मुलांना सांगते, बाबा दमलेत, आवाज करू नका. इथे काय करणार? मागच्या संडासात जातो, नळ मोठा सोडतो, म्हणजे ओकल्याचा आवाज बाहेर येत नाही. तोंड धुऊन परत येतो आणि सगळ्यांवर खेकसतो — खेकसलं की कोणी जवळ फिरकत नाही. हेड झालो तो असाच. आणि ही कालची पोर हात वर करून मोकळी होते. मला तिचा राग येतो, मॅडम. राग कसला — हेवा वाटतो.

हे इथेच राहू द्या हं. काय म्हणता, टेबल उंच झालं तर सगळ्यांच्याच माना सुटतील? हो, माझीही, कळतंय की. दिवा मंद झाला तर — नुसत्या विचारानेच बरं वाटतंय. नाही, पटतंय तुमचं. खरंच पटतंय. सांगतो मालकांना, घार जागची हलणार नाही, टेबल उंच करा. बास, एवढंच बोलायचं. त्यात माझा कुठे संबंध येतो?

थांबा, वाजतोय. मालकच. तुम्ही चालू ठेवा, मी असाच बोलतो. — हो साहेब. फिजिओ मॅडमकडेच आहे. छे, मला काय धाड भरलीय, तिच्याविषयीच बोलायला आलो होतो. मी काय म्हणत होतो, ते टेबल जरा — हो. हो, एकासाठी करायचं म्हणजे आधी सगळ्यांची तपासणी आलीच. हेडपासून? … बरोबर आहे साहेब. नाही, कशाला एवढा खटाटोप. टाका तिला पॅकिंगला. हो, सोमवारपासून टाका. मॅडमचंही तेच म्हणणं आहे — हिला झेपायचं नाही म्हणतात. हो, इथेच आहेत, त्यांच्याशी बोलूनच सांगतोय. ठेवतो.

ऐकलंत ना, हेडपासून म्हणाले. मी तरी काय करणार. तुमचं नाव घेतलं ते आपलं बोलण्याच्या ओघात, त्याचं मनावर घेऊ नका. तिला मी समजावतो, माझं ऐकते ती. दिवाळं थोडंच निघणार आहे, काम तर आहे हातात. जरा डावीकडे घ्या, मॅडम, फार ठणकतंय. अजून थोडं —

मॅडम? हात का काढलात?