वीणा खाली ठेवता येत न्हाई

...आन वर डॉक्टर मला इचारतो, "बाबा, धार कशी हाय?" आता ह्या वयात माणसाला धार इचारायची असती का, तुम्हीच सांगा! तेबी नांदेडच्या दवाखान्यात, बाहेर बाकड्यावर वीस माणसं, दार अर्धं उघडं. आन धार म्हंजे काय हे त्या कालच्या पोराला काय ठावं? तुम्हाला सांगतो, आमच्या चाकूरकडच्या शाळेत माझी धार बघायला पोरं जमायची. मधल्या सुट्टीत मी आन व्यंकटी, शाळंमागच्या मोकळ्या जागंत. पाटीवर माझं नाव कधी धड उमटलं न्हाई, मास्तर मारून मारून थकले, पर धुळीत मी 'ग्यानोबा' अख्खं लिहायचो, वर रेघ मारून! व्यंकटीचं आपलं 'व्यं'वरच संपायचं. आन आता? आता 'ग' काढायला उभं राहावं तर अर्ध्यातच शाई वाळती.

तर डॉक्टर म्हणला, प्रोस्टेट वाढली हाय, सुपारीएवढी असती ती तुमची लिंबाएवढी झाली. शेजारी आमची विठाबाई बसलेली. ती लगेच म्हणती, "चाळीस वर्सं रानातल्या लिंबोणीला ह्यांच्यानं एक लिंबू धरलं न्हाई, आन हितं धरलं." डॉक्टर हसला, कंपाउंडर हसला, बाहेरच्या बाकड्यावरले बी हसले. मी न्हाई हसलो. माझा जीव गुंतला व्हता सप्त्यात, महिन्यावर आलेल्या.

आमच्या गावचा सप्ता म्हंजे सात दिस देवळात भजन थांबत न्हाई, आन तेवढे सात दिस कुणी ना कुणी गळ्यात वीणा घालून देवाम्होरं उभा. एकेकाचा दोन दोन तासांचा पहारा. पुढला गडी येऊन आपल्या गळ्यातनं काढून घेईस्तोर बसायचं न्हाई, भाईर जायाचं न्हाई. घराला आग लागू द्या, वीणा खाली ठेवता येत न्हाई! आन पहिल्या दिशी दुपारी बारा ते दोन पहारा माझा. एक्केचाळीस वर्सं. तुम्हाला सांगतो, मी सातवी नापास, बैलाचा सौदा करून परत आलो की बैलसुद्धा माझ्याकडं कीव करून बघायचा... पर हा एक पहारा कधी चुकला न्हाई.

डॉक्टरनं दोन गोळ्या दिल्या. एक वाट मोकळी करती म्हणला, चार-आठ दिसांत फरक पडंल. दुसरी गाठ बारीक करती, तिला सहा महिने. सहा महिने! देव काय थांबणार हाय व्हय? रात्री जेवण झाल्यावर घ्या, उठताना दमानं उठा, चक्कर येती, आन सर्दीची गोळी मला इचारल्याबिगर घेऊ नका. हाव म्हणलो. घेतल्या बी. सहादा उठायचो ते तीनदा उठून राहिलो. पर दोन तास? दोन तास म्हंजे लई झाले, राजेहो.

तेवढ्यात पहाऱ्यांची यादी करणारा बालाजी घरी आला, आवाजात ही एवढी साय. आबा, यंदा तुम्ही खुर्चीवर बसून ऐका, तुमचा पहारा दुसऱ्याला देतो. आता ह्याला कुणी सांगितलं? मी विठाबाईकडं बघितलं तर ती लगबगीनं निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडून राहिली. मी म्हणलो, बालाजी, माझं नाव खोडायचं तर मी मेल्यावर खोड.

का म्हणलो? आता खरं सांगतो. माझ्या आधीचा पहारा असायचा रामलिंग तात्याचा, धा ते बारा. म्हातारा सत्तरीचा. आन मी काय करायचो? बाराला मुद्दाम जायाचो न्हाई. देवळाम्होरल्या लिंबाआड मी आन व्यंकटी लपून बघायचो. सव्वाबारा झाले की तात्या या पायावरनं त्या पायावर. बाया म्हणायच्या, तात्याला काय रंग चढलाय! आमचं हसून पोट दुखायचं. तात्या कधी रागं भरला न्हाई. वीणा माझ्या गळ्यात घालायचा, पाया पडायचा, कानात हळूच म्हणायचा, "ग्यानबा, तुझा बी पहारा येतो, बरं का." आन मग काय पळायचा! आता डोळ्यांम्होरं येतो तो पळताना. आता हसायला येत न्हाई. त्यानं सत्तरीत पहारा सोडला न्हाई, मग मी कसा सोडू?

तर सप्ता आला. सकाळपासनं पाण्याला शिवलो न्हाई, चहाकडं बघितलं न्हाई. आन अकरा वाजता डोकं चालवलं. म्हणलं, औषध हायच की घरात, एक गोळी जास्तीची घ्यावी, दोन तास धरून ठेवंल. घेतली. बारा, साडेबारा झकास. एक वाजता गाभारा हळूहळू फिराया लागला. दीडला आठवलं, डॉक्टर काय म्हणला व्हता? मोकळं करती. मोकळं! सोडायची गोळी मी धरायला घेतली व्हती!

मग काय, या पायावरनं त्या पायावर. डोळे मिटलेले, अंगाला घाम, खांबाला टेकून डुलून राहिलो. बाया म्हणल्या, आबाला काय रंग चढलाय. दोघी-चौघी येऊन पाया पडल्या, एकीनं तर पाय धरूनच ठेवले. लांबनं विठाबाई तेवढी बघत व्हती, तोंडाला पदर लावून. हसत व्हती का रडत, अजून सांगत न्हाई. आन वीणा खाली ठेवता येत न्हाई!

दोन वाजले. पुढला पहारा व्यंकटीचा. व्यंकटी न्हाई. दोन वाजून तीन मिनिटं. मी दारातनं भाईर बघितलं... लिंबाआड धोतराचा सोगा हलत व्हता.

आला सावकाश, काठी टेकत. बुक्का लावला, हार घातला, पाया पडला तो उठंचना. मग वीणा काढून घेताना कानाशी म्हणला, "तात्यानं जाताना सांगून ठेवलं व्हतं, ग्यानबाला एकदा पाच मिन्टं उभा कर. वीस वर्सं थांबलो बघ, तुला लिंबू धरंस्तोर."

डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. म्हणलं चला, कुठनं का हुईना, आलं तरी. आन जो पळालो... धा पावलांवर चक्कर, पुन्हा पळालो, देवळामागं जाऊन उभा राहिलो.

उभा राहिलो.

उभाच राहिलो. एक थेंब न्हाई!

शेवटी हात-पाय धुवून परत आलो, खुर्ची वढून बसलो देवाम्होरं. बालाजीला म्हणलो, पुढल्या साली बी नाव लिव, पर अर्धाच तास. आन समोर बघितलं तर इठोबा, अठ्ठावीस युगं झाली, पुढला गडी काय येईना, वीट सोडता येईना... तुम्हाला सांगतो, त्यानं कमरेवर हात का दाबून धरलेत, ते मला ह्या वयात कळलं.