शनिवारी धूर नव्हता

(फिनलंडमधलं एक खेडं. सातु पायरीवर उभी. आतल्या साखळीमुळे दार बोटभरच उघडलंय. आत तिची म्हातारी आई, हिल्का.)

सातु : किल्ली आहे माझ्याकडे, पण ही साखळी कशाला लावलीस आई? काढ बघू.

हिल्का : सूप पायरीवर ठेव आणि जा. मला टीबी आहे.

सातु : मणक्यात आहे, छातीत नाही. छातीचा फोटो स्वच्छ, थुंकी स्वच्छ. तुझ्यापासून कुणाला लागायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोरच सांगितलं.

हिल्का : त्याच बाई वर्षभर म्हणत होत्या, वयाची पाठदुखी आहे. मीही खुळी, सौनाच्या वाफेत शेकत बसले, तुंबड्या लावून घेतल्या.

सातु : चुकलं त्यांचं. पण शेवटी सुईनं मणक्याजवळचा पू काढून तपासला, तेव्हाच कळलं ना? गोळ्या घेतेस?

हिल्का : घेते तर. त्यांनीच लघवी गाजराच्या रसासारखी झालीय. जा आता.

सातु : शेजारचे तौनो म्हणाले, शनिवारी तुझ्या सौनाच्या धुराड्यातून धूर नव्हता. जन्मात शनिवार चुकवला नाहीस तू.

हिल्का : त्या तौनोला दुसरा उद्योग नाही.

सातु : तुझा आवाज इतका खालून का येतोय? जमिनीवर बसलीयस?

हिल्का : बसलेय. माझी मर्जी.

सातु : मग ऊठ, साखळी काढ. मी हवं तर अंगणात जाऊन उभी राहते. मला भीती वाटतेय, आई.

हिल्का : पाय उठत नाहीत गं. शनिवारी नुसत्या मुंग्या येत होत्या, आज सकाळपासून लाकडं झालीत. तुझी गाडी ऐकून घसटत आले, पण साखळीला हात पुरत नाही.

सातु : आणि मला जा म्हणतेस! पायाला बधीरपणा आला की लगेच फोन करा, असं बजावलं होतं ना डॉक्टरीणबाईंनी? पू मज्जारज्जूवर दाब देतो. वेळेत काढला तर पायांत जोर परत येतो.

हिल्का : फोन केला असता तर नेलं असतं मला.

सातु : न्यायलाच हवं.

हिल्का : माझ्या आईलाही नेलं होतं. मी पाच वर्षांची. टीबीच्या सॅनेटोरियमबाहेर बर्फात उभं करायचे मला, ती वरच्या खिडकीतून हात हलवायची. एका रविवारी खिडकीत दुसरीच बाई होती.

सातु : हे कधी बोलली नाहीस.

हिल्का : कुणाला सांगायचं? टीबीचं घर म्हणून लोक आमचं दूध घेत नव्हते.

सातु : ॲम्ब्युलन्स बोलावते. साखळी तौनो तोडतील. आणि ऐक, मी तुझ्याबरोबर येणार. खोलीतही तुझ्याजवळच बसणार.

हिल्का : आत येऊ देतील तुला?

सातु : आता देतात, आई.