बाबांच्या बाजूची काच

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, 'धुरकट देऊ की पारदर्शक?' अहो, मला काय माहीत! मी गाद्या पोचवणारा माणूस! पिकअपच्या खिडकीवर पावसाची पट्टी बसवायची म्हणून गेलो, तर याने माझ्यापुढे ढीगच घातला. पट्टीला तो वायझर म्हणतो. बाहेरून चिकटवायचा वायझर, काचेच्या खाचेत बसवायचा वायझर, रुंद, अरुंद, क्रोमची रेघ असलेला... मी म्हटलं, भल्या माणसा, गाडी मिरवायची नाहीये, एका म्हाताऱ्याला श्वास घ्यायचाय! तर म्हणतो, 'मग क्रोमवाला न्या, उठून दिसतो.' आता बोला!

म्हातारा म्हणजे आमचे बाबा. तुम्हाला सांगतो, जन्मभर गॅरेजात गाड्यांना स्प्रे मारला, पण तोंडाला फडकं बांधायचं नाव नाही. 'फडकं बांधलं की रंगाचा वास कळत नाही' म्हणे! कशाला कळायला हवा होता हो वास? सगळे रंग छातीत जाऊन बसले. आता दोन पायऱ्या चढले की कठडा धरून उभे. घरी एकटं ठेवायची सोय नाही, बायको कामाला जाते, म्हणून माझ्याबरोबर पिकअपमध्ये, बाजूच्या सीटवर. आणि बसल्या बसल्या एकच... 'काच खाली कर.' काच चालते बटणावर, बटण माझ्या बाजूला, म्हणजे यांचा श्वास माझ्या बोटाखाली! ऊन असो, थंडी असो, काच खाली कर. बरं, करतो. पण पाऊस आला की? खाली केली की अंगावर पाणी, पाणी आलं की खोकला. वर केली की जीव घाबरा. वर-खाली, वर-खाली... सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई हसायला लागली, तिला वाटलं मी खेळतोय!

शेवटी बायको म्हणाली, 'अहो, त्या पट्ट्या मिळतात ना, काच दोन बोटं उघडी ठेवली तरी पाणी आत येत नाही. तेवढ्या बसवा की! का तेही मीच करू?'

बसवल्या. म्हणजे मी बसवल्या आणि बाबांनी खुर्ची टाकून माझा उद्धार केला. मी फडकं फिरवलं तर, 'हे पुसणं? हे गाडीला गोंजारणं झालं! स्पिरिट घे.' घेतलं. 'परत.' परत. 'कडेला पॉलिश राहिलंय.' अहो, तिथून दिसतंय कसं? पण दिसतं! पट्टीमागच्या चिकट टेपवरचा कागद एकदम ओढायचा नाही, जरा सोलायचा, अंगठ्याने दाबायचं, पुन्हा जरा सोलायचा... आणि शिवी द्यायची झाली तर अर्धी द्यायचे, थांबायचे, श्वास घ्यायचे, मग उरलेली! अशी दम खात दिलेली शिवी ऐकलीय कधी? मधल्या वेळात आपण नुसतं उभं राहायचं, पुढचा भाग यायची वाट बघत.

सगळं झाल्यावर पट्टीवरून बोट फिरवलं आणि हुकूम सोडला, 'उद्या संध्याकाळपर्यंत काच हलवायची नाही. टेप धरायला पाहिजे.'

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं! विसरलो, दोघंही विसरलो! पाऊस असा की समोरचं दिसेना. दोन्ही बाजूंना पट्ट्या, दोन्ही कच्च्या, दोन्ही काचा बंद. अर्ध्या रस्त्यात यांचे ओठ निळसर दिसायला लागले. मी बटणाकडे हात नेला, तर फाडकन चापट! 'टेप... कच्ची... आहे.' मी म्हटलं, बाबा, गुदमरताय तुम्ही! तर, 'तू... रस्ता... बघ.' आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने काच खाली कर म्हटलं नाही, आणि मुहूर्त कुठला निवडला! आणि मी... मी ऐकलं हो. डोक्यावरचे केस पांढरे झाले, पण बापाने चापट मारली की हात मागे.

बाबांना बाहेर बाकावर बसवून डॉक्टरीणबाईंनी मला आत घेतलं. छातीचा फोटो उजेडात धरला. बराच वेळ धरला. मी विचारलं, काच बंद होती म्हणून झालं का हे? तर म्हणाल्या, 'छे हो. काच उघडी काय, बंद काय, आता तसा फरक नाही. हवा भरपूर आहे. ती घेणारं आत फारसं उरलं नाही.' मी म्हटलं, अहो, मग मी पट्ट्या बसवल्या त्या? त्या म्हणाल्या, 'त्यांना बरं वाटतंय ना? मग राहू द्या.'

हे मी बाबांना सांगायचं? कुठल्या तोंडाने? नाही सांगितलं. संध्याकाळी टेपने धरलं, काच दोन बोटं खाली केली, धो धो पाऊस आणि आत थेंब नाही! बाबा असे खूश, जणू पाऊस त्यांनीच अडवलाय. 'बघ, स्पिरिट दोनदा मारलं म्हणून!' मी म्हटलं, हो बाबा. पण भीती वाटते हो मला, खोटं कशाला बोलू?

काल पुन्हा पाऊस. 'काच खाली कर.' दोन बोटं होतीच, चार केली. 'काच खाली कर.' अर्धी केली. 'अरे, काच खाली कर ना.' केली पूर्ण खाली! पट्टी राहिली वर, पाऊस सगळा आत, सीट भिजली, ते भिजले, मी भिजलो, पाठीमागे ताडपत्रीखाली गाद्या तेवढ्या कोरड्या! आणि हे डोळे मिटून, हळूच... 'काच... खाली... कर.'

आता आणखी कुठे करू? सांगा ना तुम्ही! दार काढून ठेवू?

मी काय केलं, बटण दाबून काच चार बोटं वर घेतली, आणि त्यांना ऐकू जाईल अशी परत खाली सोडली. म्हटलं, केली, बाबा.

'हां... आता बरं,' म्हणाले. चेहऱ्यावरून पाणी ओघळतंय, आणि म्हणतात, 'पट्टीचा उपयोग झाला रे.'

मी सीटवरचं पाणी फडक्याने टिपलं आणि म्हटलं, झाला, बाबा.