मिगीची सहावी

सहावीचे निकाल वाटून दमलेल्या वर्गशिक्षिका देल्फिनाबाई मनिलातल्या त्या बड्या शाळेबाहेर जीपनीच्या, म्हणजे तिथल्या शेअर जीपच्या, रांगेत उभ्या होत्या. पुढे श्रीमंतांची पोरं सांभाळणाऱ्या दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या.

"नेनिता, तुमचा मिगी सहावी पास झाला ना गं?"

"झालो बाई एकदाचे! तो पुठ्ठ्याचा ज्वालामुखी गरम गोंदाने चिकटवताना बोटं भाजली माझी."

"पण मेडल मिळालं की!"

"मेडल त्याला, मलम मला."

"तू स्वतः कितवी शिकलीस?"

"गावी चौथी. पाचवी-सहावी मिगीच्या वह्यांत काढली."

"मग आता सातवीचं कसं गं?"

"मिगीची आई म्हणाली, गणित अवघड असतं, तुला शिकवणी लावते."

देल्फिनाबाईंना राहवेना.

"लावून घेच. अपूर्णांकांत अजून घोळ घालतेस तू!"